प्रसूतीच्या कळा आणि रक्तातील ऑक्सिटोसिन : मोजमापाची अवघड वाट

प्रसूतीचा सारा डोलारा ज्या संप्रेरकावर उभा आहे, ते ऑक्सिटोसिन प्रसूतिगृहात कधीच मोजले जात नाही. ही परिस्थिती गोंदियासारख्या दुर्गम जिल्ह्यात आहे, तशीच जगातील अत्याधुनिक रुग्णालयांतही आहे. असे का व्हावे, आणि ज्याचे मोजमाप होत नाही ते औषध म्हणून देताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा हा परामर्श.

प्रसूतीसाठी दाखल झालेल्या स्त्रीच्या किती तरी गोष्टी मोजल्या जातात. रक्तदाब, नाडी, तापमान, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, बाळाच्या हृदयाचे ठोके, गर्भाशयाचे मुख किती सेंटिमीटर उघडले आहे, या साऱ्यांची नोंद होते. गोंदिया शहरातील बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय असो, सालेकसा वा देवरीचे ग्रामीण रुग्णालय असो, की एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र असो, नोंदींचा हा क्रम सर्वत्र सारखाच. मात्र गर्भाशयाला आकुंचन पावण्याची आज्ञा देणारे, कळा आणणारे, बाळ जन्मल्यावर वार सुटण्यास आणि रक्तस्राव थांबण्यास मदत करणारे, पुढे आईच्या स्तनांतून दूध वाहते करणारे जे ऑक्सिटोसिन, त्याचा आकडा या नोंदींत कुठेही नसतो. थायरॉइडच्या संप्रेरकांची तपासणी आज तालुक्याच्या गावातही होते. मग ऑक्सिटोसिनचीच का होऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या संप्रेरकाच्या स्वभावातच दडलेले आहे.

नऊ दुव्यांची साखळी

ऑक्सिटोसिन हा अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा बनलेला लहानसा रेणू आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशी तो तयार करतात आणि पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून तो रक्तात सोडला जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये या ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, असे दाखवून दिले. तीनच वर्षांत, १९०९ मध्ये, विल्यम ब्लेअर-बेल यांनी हा अर्क प्रसूतिशास्त्रात वापरल्याचे प्रसिद्ध केले. 'शीघ्र प्रसूती' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून संप्रेरकाला त्याचे नाव मिळाले. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी १९५३ मध्ये या रेणूची रचना उलगडली आणि प्रयोगशाळेत तो तयारही केला. या कार्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रत्येक प्रसूतिगृहात असणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ही त्या संशोधनाचीच देणगी होय. इंजेक्शनातील ऑक्सिटोसिन आणि शरीरात निर्माण होणारे ऑक्सिटोसिन यांच्या रासायनिक रचनेत काहीही फरक नसतो.

प्रसूतीत या संप्रेरकाचे कार्य एका चक्रासारखे चालते. बाळाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर दाब देते, त्या दाबाची संवेदना चेतातंतूंमार्फत मेंदूकडे जाते, मेंदू अधिक ऑक्सिटोसिन सोडतो, त्यामुळे कळ अधिक जोरकस होते आणि डोक्याचा दाब आणखी वाढतो. बाळ जन्माला येईपर्यंत हे चक्र वेग घेत राहते. दाब आणि आकुंचन यांतील हे नाते फर्ग्युसन यांनी १९४१ मध्ये प्रयोगाने दाखवले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शरीरातील बहुतेक संप्रेरकांचे प्रमाण वाढले की त्यांची निर्मिती आपोआप कमी होते. इथे नेमके उलटे घडते, आणि बाळाच्या जन्मानेच हे चक्र थांबते.

एका पिकोग्रॅमचा शोध

मोजमापातील पहिली अडचण प्रमाणाची. रक्तातील ऑक्सिटोसिन पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. धानाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियाच्या वाचकांना हे प्रमाण तांदळाच्या भाषेत सांगता येईल. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम धरले, तर त्या दाण्याचे दोन हजार कोटी समान भाग केल्यावर एका भागाचे जे वजन येईल, ते सुमारे एक पिकोग्रॅम. विश्वासार्ह पद्धतीने मोजल्यास एक मिलिलीटर रक्तद्रवात ऑक्सिटोसिन असे मोजके पिकोग्रॅम, फार तर काही दशके पिकोग्रॅम इतकेच आढळते.

दुसरी अडचण काळाची. रक्तात आलेले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्मे होते. त्यातही गर्भवतीच्या रक्तात वारेपासून आलेले एक खास विकर असते, ज्याला ऑक्सिटोसिनेज असे म्हणतात. ऑक्सिटोसिनची साखळी तोडणे हेच त्याचे काम. गर्भारपण जसजसे पुढे सरकते तसतसे रक्तातील हे विकर वाढत जाते. रक्त नळीत काढले तरी त्याचे काम थांबत नाही. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी घेतलेला नमुना टेबलावर तसाच पडून राहिला, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातील मूळचे ऑक्सिटोसिन बव्हंशी नष्ट झालेले असते.

यावर उपाय आहेत, पण ते खर्चाचे आणि कष्टाचे आहेत. रक्त आधीच थंड केलेल्या नळीत घ्यावे लागते. विकराला निष्प्रभ करणारी रसायने त्या नळीत असावी लागतात. नमुना बर्फात ठेवून तातडीने थंड यंत्रात फिरवावा लागतो, रक्तद्रव वेगळा काढावा लागतो आणि तो अतिशीत तापमानात गोठवावा लागतो. दरेकशाच्या डोंगराळ भागातील किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जंगलालगतच्या गावातील स्त्रीचा नमुना अशा रीतीने सुस्थितीत एखाद्या संशोधन प्रयोगशाळेत पोहोचवायचा, तर ही शीतसाखळी वाटेत कुठेही तुटता कामा नये. इतके करूनही तपासणीचा निष्कर्ष हाती येईल तो काही दिवसांनी. बाळ मात्र काही तासांतच जन्मलेले असेल.

एकच नमुना, वेगवेगळे आकडे

तिसरी अडचण अधिक मूलगामी आहे. ती मोजण्याच्या पद्धतींतील मतभेदांची. प्रारंभीच्या काळात संशोधक जिवंत प्राण्यांच्या अवयवांचा तराजू करीत. रक्तापासून मिळवलेला अर्क उंदराच्या गर्भाशयाच्या पट्टीवर टाकायचा आणि ती किती आकसते ते पाहायचे, किंवा दूध देणाऱ्या उंदराच्या स्तनातील दाब किती वाढतो ते मोजायचे, अशा या पद्धती होत्या. १९६० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात रॉबेर्तो काल्देइरो-बार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांच्या मानेतील शिरेतून रक्त घेऊन असे प्रयोग केले. मेंदूकडून परतणाऱ्या रक्तात संप्रेरक अधिक सापडेल, हा त्यामागचा विचार होता.

या क्षेत्रात खरी क्रांती झाली ती प्रतिपिंडांच्या साह्याने मोजण्याच्या पद्धतीमुळे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती इन्सुलिनसाठी विकसित केली. तिचे तत्त्व सोपे आहे. किरणोत्सारी खूण केलेले संप्रेरक आणि रुग्णाच्या रक्तातील साधे संप्रेरक यांना मर्यादित प्रतिपिंडांवरील जागांसाठी स्पर्धा करू द्यायची. रक्तातील संप्रेरक जितके जास्त, तितके खूण केलेले संप्रेरक बाहेर राहणार. या कार्यासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच निवर्तले होते. पुढे किरणोत्साराऐवजी रंगाचा उपयोग करणारे एलायझा तंत्र आले आणि तयार संच बाजारात मिळू लागले. ऑक्सिटोसिनचे मोजमाप त्यामुळे सुलभ झाले. परंतु गोंधळही तिथूनच वाढला.

प्रतिपिंड ऑक्सिटोसिनला ओळखतो तो त्याच्या आकारावरून. रक्तात मात्र त्याच्याशी साम्य असणारे इतर रेणू, त्याचे तुटलेले तुकडे आणि प्रतिपिंडाच्या कामात अडथळा आणणारी प्रथिनेही असतात. शरीरातील पाण्याचे नियमन करणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तर ऑक्सिटोसिनचे सख्खे भावंडच. नऊपैकी केवळ दोन अमिनो आम्लांचा दोघांत फरक. म्हणून मोजण्यापूर्वी रक्तद्रवातून हा छोटा रेणू निष्कर्षणाने वेगळा काढणे आवश्यक असते. ही पायरी वगळून नमुना थेट संचात घातला, की पिकोग्रॅमचा आकडा दहापट, काही वेळा शंभरपटही फुगतो. ऑक्सिटोसिन आणि मानवी वर्तन यांवरील किती संशोधनावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ मध्ये याच कारणावरून उपस्थित केला. हे संप्रेरक रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून बसत असावे आणि ते बंध रासायनिक रीतीने तोडल्यास रक्तातील एकूण ऑक्सिटोसिन समजले जाते त्याहून कितीतरी अधिक भरते, असे २०१६ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी दाखवले. त्यामुळे 'रक्तातील खरे ऑक्सिटोसिन' कशाला म्हणावे, हाच मुळात वादाचा विषय झाला आहे. 'प्रेमाचे संप्रेरक' या गोंडस नावाखाली प्रसृत होणाऱ्या अनेक दाव्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहिले पाहिजे.

क्षणोक्षणी बदलणारी पातळी

समजा, उद्या एखाद्या चमत्काराने खाटेजवळच क्षणार्धात ऑक्सिटोसिन अचूक मोजणारे यंत्र उपलब्ध झाले, तरी प्रश्न सुटत नाही. कारण हे संप्रेरक रक्तात संथपणे झिरपत नाही. ते लाटांनी येते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फुक्स आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात स्त्रियांच्या रक्ताचे नमुने अर्ध्या तासापर्यंत दर मिनिटाला घेण्यात आले. कळा सुरू होण्यापूर्वी अर्ध्या तासात सरासरी जेमतेम एक लाट दिसे. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात ती संख्या चारच्या आसपास गेली, तर बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात सहा-सातवर पोहोचली. लाटांचा कालावधीही वाढत गेला. साहजिकच एका क्षणी घेतलेला नमुना लाटेच्या माथ्यावरचा आहे की दोन लाटांमधल्या खळग्यातला, हे कळण्यास मार्ग नसतो. मिनिटामिनिटाला रक्त काढणे संशोधनात शक्य असते. रोजच्या रुग्णसेवेत ते शक्यही नाही आणि इष्टही नाही.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे, कळा सुरू होणे हे केवळ रक्तातील पातळीवर अवलंबून नसते. याच फुक्स यांनी सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये दाखवून दिले, की गर्भाशयाच्या स्नायूंवर ऑक्सिटोसिनला पकडून ठेवणारे जे ग्राही असतात, त्यांची संख्या प्रसूतीच्या सुमारास झपाट्याने वाढते. निरोप तेवढाच राहतो, तो ऐकणारे कान वाढतात. त्यामुळे रक्तात तेवढेच ऑक्सिटोसिन असूनही एका स्त्रीचे गर्भाशय जोमाने आकुंचन पावते, तर दुसरीचे ढिम्म राहते. ग्राहींची संख्या रक्ताच्या तपासणीत कळत नाही.

मग या संशोधनाचा उपयोग तरी काय? तो मोठा आहे. स्वीडनमधील केर्स्टिन उव्नेस-मोबेर्ग आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. नैसर्गिक प्रसूतीत बाळाच्या जन्माच्या वेळी ऑक्सिटोसिनची पातळी गरोदरपणाच्या अखेरच्या पातळीच्या तीन ते चारपट होते; सलाइनमधून मिनिटाला १० मिलियुनिटपर्यंत औषध दिल्यास रक्तातील पातळी नैसर्गिक प्रसूतीइतकीच राहते; आणि औषधाचा वेग दुप्पट केला की पातळीही दुप्पट होते, असे त्यातून दिसते. मात्र बाहेरून दिलेले औषध लाटांनी येत नाही, ते अखंड वाहते, आणि आईच्या मेंदूत ते फारसे पोहोचत नाही. मेंदूतून स्रवणारे ऑक्सिटोसिन आईची भीती आणि ताण कमी करण्यास साह्य करते असे मानले जाते. तो लाभ सलाइनमधून मिळेलच असे नाही. औषधाच्या मात्रा ठरवताना ही माहिती मोलाची आहे.

एका कुपीचे गणित

येथेच या किचकट विषयाचा गोंदिया, गडचिरोली, भंडाऱ्यातील सामान्य कुटुंबाशी थेट संबंध येतो. ऑक्सिटोसिनच्या एका लहान कुपीत सामान्यतः ५ युनिट औषध असते. वजनाने ते जेमतेम साडेआठ मायक्रोग्रॅम. डोळ्यांना दिसणारही नाही इतके. पण पिकोग्रॅमच्या हिशेबात तो आकडा ८० लाखांच्या वर जातो. प्रसूत होणाऱ्या स्त्रीला सलाइनमधून मिनिटाला १० मिलियुनिट वेगाने औषध द्यायचे ठरले, तर ही एक कुपी ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक काळ पुरेल. तीच कुपी बाळ जन्मण्यापूर्वी एकाच वेळी दंडात टोचली, तर आठ तासांचे औषध काही मिनिटांत शरीरात गेले असा त्याचा अर्थ होतो.

याचा परिणाम भयंकर होऊ शकतो. प्रत्येक कळेच्या वेळी गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि वारेकडे जाणारा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता मंदावतो. दोन कळांच्या मधल्या विश्रांतीत तो पूर्ववत होतो आणि बाळाला प्राणवायू मिळतो. औषधाचा अतिरेक झाला की ही विश्रांतीच नाहीशी होते. दहा मिनिटांत पाचहून अधिक कळा येऊ लागल्या तर ती धोक्याची सूचना समजली जाते. बाळ गुदमरते; जन्मल्यावर रडत नाही; वाचलेच तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती राहते. बाळाचे डोके आणि आईचे कटिर यांचा मेळ बसत नसेल, किंवा पूर्वीच्या सिझेरियनचा व्रण असेल, तर गर्भाशय फाटून आईचा जीवही जाऊ शकतो. अमेरिकेतील औषधसुरक्षा संस्थेने शिरेतून दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनचा समावेश २००७ मध्ये अतिजोखमीच्या औषधांच्या यादीत केला, तो याच कारणांमुळे.

आणि तरीही 'कळा वाढवण्याची सुई' घरी किंवा अपुऱ्या साधनांच्या दवाखान्यात टोचून घेण्याचा प्रघात देशाच्या अनेक ग्रामीण भागांत नोंदवला गेला आहे. त्यामागे अज्ञान असते तशी अगतिकताही असते. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ स्त्रियांची घरगुती प्रसूतीच्या वेळी आणि नंतर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.६ टक्के स्त्रियांना प्रसूतीत वा बाळंतपणानंतर कोणता ना कोणता विकार झाला होता. प्रसूतीच्या वेळच्या विकारांत सर्वाधिक आढळली ती लांबलेली प्रसूती. दहापैकी एका स्त्रीला तिने गाठले होते. रात्रभर कळा सोसणारी स्त्री, दूर असलेले रुग्णालय आणि हाताशी असलेली स्वस्त सुई, अशा परिस्थितीत चुकीचा निर्णय कसा घेतला जातो हे समजणे कठीण नाही. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि २०१४ पासून महाराष्ट्रात धावू लागलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यांमुळे रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण वाढले. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. मात्र रुग्णालयात पोहोचणे ही निम्मी वाट झाली. तिथे औषध योग्य वेळी, योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली मिळणे ही उरलेली निम्मी.

मोजायचे ते परिणामाचे

रक्तातील पातळी मोजता येत नसेल, तर मात्रा ठरवायची कशी? प्रसूतिशास्त्राने यावर शोधलेला तोडगा साधा आणि परिणामकारक आहे : संप्रेरक मोजू नका, त्याचा परिणाम मोजा. परिचारिका पोटावर तळहात ठेवते आणि घड्याळ लावून दहा मिनिटांत किती कळा आल्या व प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, ते नोंदवते. दहा मिनिटांत तीन ते चार चांगल्या कळा पुरेशा असतात. औषध अत्यल्प वेगाने सुरू करायचे, अपेक्षित परिणाम दिसेपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवायचे, बाळाचे ठोके सातत्याने ऐकायचे, आणि कळा वाजवीपेक्षा वाढल्या वा ठोके बिघडले तर सलाइन तत्काळ बंद करायचे. औषध काही मिनिटांत निम्मे होते, हा मोजमापातील अडथळा इथे वरदान ठरतो. सलाइन थांबवले की त्याचा जोर लवकर ओसरू लागतो. दंडात टोचलेली सुई मात्र परत घेता येत नाही. फरक नेमका इथे आहे.

या निरीक्षणांची सांगड घालणारा आलेख, म्हणजे पार्टोग्राफ, अनेक दशकांपासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. कळा कृत्रिमरीत्या आणण्याची सुरक्षित पद्धत कोणती, यावर विदर्भातही महत्त्वाचे काम झाले आहे. नागपूरच्या दोन शासकीय रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गर्भवतींवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या अल्प मात्रेने ५७ टक्के स्त्रियांची प्रसूती २४ तासांत योनिमार्गे झाली, तर फोली कॅथेटरचा फुगा वापरलेल्या गटात हे प्रमाण ४७ टक्के होते. विदर्भातील सरकारी रुग्णालयांतून निघालेला हा निष्कर्ष साधनांची चणचण असलेल्या साऱ्या जगाला उपयोगी ठरणारा आहे.

जन्मानंतरची तीच सुई

बाळ जन्मल्यानंतर मात्र चित्र पालटते. आता गुदमरण्यासाठी पोटात बाळ नसते, आणि गर्भाशय जितके घट्ट आवळले जाईल तितके आईच्या हिताचे असते; कारण वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच मिटतात. म्हणून बाळाच्या जन्मानंतर लगेच प्रत्येक मातेला १० युनिट ऑक्सिटोसिन द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जी मात्रा जन्मापूर्वी घातक, तीच जन्मानंतर जीवरक्षक, हे या औषधाचे वैशिष्ट्य प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे असे आहे.

इथे आणखी एक मोजमाप महत्त्वाचे ठरते, ते म्हणजे तापमानाचे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांनी २०१९ मध्ये संयुक्तपणे पुन्हा अधोरेखित केली. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उष्णतेत खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पडून राहिलेली कुपी दिसायला तशीच राहते. तिच्यातील औषधाचा कस मात्र उतरत जातो. लसींच्या शीतपेटीत ऑक्सिटोसिनलाही जागा देणे, हा यावरील सर्वांत सोपा उपाय. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या पर्यायी औषधाची चाचणी दहा देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवर झाली. त्यात भारताचाही समावेश होता. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. त्याआधी बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीतपेटीची गरज नसलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आणले होते.

बेळगावच्या त्या अभ्यासात रक्तस्राव मोजण्यासाठी खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरली गेली. नजरेच्या अंदाजाने रक्तस्राव नेहमीच कमी भासतो. पिशवीवरची रेघ मात्र भिडस्त नसते. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात अशाच पिशवीने वेळीच निदान करून त्वरित उपचारांचा संच एकाच वेळी दिल्याने गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. पिकोग्रॅम मोजणाऱ्या महागड्या यंत्रांपेक्षा मिलिलीटर मोजणारी साधी पिशवी मातांचे प्राण अधिक वाचवू शकते, हा त्याचा अर्थ.

गोठ्यातून न्यायालयात

या औषधाच्या उपलब्धतेला दुभत्या जनावरांच्या प्रश्नाचीही झळ बसली. पान्हा सोडवण्यासाठी गाई-म्हशींना ऑक्सिटोसिन टोचण्याच्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घातली आणि देशांतर्गत पुरवठ्याची जबाबदारी कर्नाटकातील एकाच सार्वजनिक कंपनीवर सोपवली. एकाच कारखान्यावर देशभरातील मातांचे प्राण अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे, हा आक्षेप लगेच पुढे आला. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. गैरवापर रोखताना गरजूंचे औषध हिरावले जाऊ नये, हा धडा त्यातून मिळाला.

सोबतीचा हात

ऑक्सिटोसिनविषयीच्या संशोधनाने एका जुन्या शहाणपणालाही बळ दिले आहे. भीती, एकटेपणा आणि अपमानास्पद वागणूक यांमुळे प्रसूती रेंगाळते, हे अनुभवी सुइणी पिढ्यान्‌पिढ्या जाणून होत्या. प्रसूतीच्या काळात सतत कोणीतरी सोबत असण्याच्या परिणामांचा मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या २६ अभ्यासांवरून असे दिसते, की सोबत मिळालेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढते, प्रसूतीचा काळ काहीसा कमी होतो आणि सिझेरियनची गरज घटते. भारत सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली. सासू, आई, बहीण वा आशा कार्यकर्ती यांपैकी कोणी पाठीवर हात ठेवून उभी असेल, तर तिच्या स्पर्शाने किती पिकोग्रॅम ऑक्सिटोसिन वाढले हे कोणी मोजणार नाही. परिणाम मात्र मोजला गेला आहे.

२०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू होत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. राज्याची ही कामगिरी समाधानाची असली, तरी उरलेल्या मृत्यूंपैकी बरेच टाळता येण्याजोगे आहेत. रक्तातील ऑक्सिटोसिन अचूक मोजण्याची पद्धत यथावकाश विकसित होईलही, आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. तोपर्यंत प्रसूतीसाठी निघालेल्या कुटुंबाने काही साध्या गोष्टींचा आग्रह धरावा. बाळ जन्मण्यापूर्वी कळा वाढवण्याची सुई घरी किंवा दंडात घेऊ नये. औषध द्यावेच लागले तर ते रुग्णालयात, सलाइनमधून, देखरेखीखाली आणि गरज पडल्यास सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावे. कळा आणि बाळाचे ठोके यांची नोंद होते आहे ना, हे निःसंकोच विचारावे. आणि बाळ जन्मल्यावर रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन दिले गेले का, याची खात्री करून घ्यावी. यांतील कशालाही प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळ, तळहात, शीतपेटी आणि जागरूक परिचारिका एवढी साधने गोंदियाच्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचली, तरी या नऊ दुव्यांच्या रेणूचा धोका टळेल आणि त्याचे वरदान मातेच्या पदरी पडेल.